जुन्या घडणीचे दोन टप्प्यांचे मॉडेल रॉकेट : बांधणी आणि उड्डाणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षे १९६०च्या दशकातील किटच्या धर्तीवर कागदी नळ्या आणि हलक्या लाकडाची बहुटप्पी मॉडेल रॉकेटे बांधत आहोत. शाळांतून, विज्ञान प्रदर्शनांतून आणि फोनवरून जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्या ठिकाणी आम्ही स्वतः चुकलो, तेथील उत्तरे साहजिकच लांबली आहेत.

हे नेमके कोणत्या रॉकेटचे पुनर्निर्माण आहे?

अंतराळात जाणाऱ्या एखाद्या खऱ्या रॉकेटचे नव्हे, तर जुन्या छंदाच्या रॉकेटचे. १९६०च्या दशकात अमेरिकेत एस्टेस या कंपनीने लहान मुलांना आणि तरुणांना परवडतील अशी पुठ्ठ्याच्या नळीची आणि बाल्सा लाकडाच्या पंखांची किटे बाजारात आणली. त्यांत दोन टप्प्यांची होती, तशी फारसाइडसारखी तीन टप्प्यांचीही होती. पुढे १९७०च्या सुमारास ओमेगा नावाचे दोन टप्प्यांचे मोठे रॉकेट आले, जे नाकात सिनेरॉक हा छोटा चित्रपट कॅमेरा घेऊन वर जात असे. त्या काळची सूचनापत्रके आणि पंखांचे साचे आज स्कॅन केलेल्या स्वरूपात पाहायला मिळतात, आणि त्यांवरून नवे रॉकेट बांधणे म्हणजे पुनर्निर्माण. आमचे सध्याचे रॉकेट साधारण २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचे, दोन टप्प्यांचे, इंजिनांसह सुमारे ७५ ग्रॅमचे आहे.

या छंदाची सुरुवात कोणी केली?

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. दारूकामाची आवड असलेल्या या गृहस्थांनी भावाच्या मदतीने १९५४ साली बदलता येणारे इंजिन आणि पॅराशूटने परत येणारे छोटे रॉकेट तयार केले. १९५७ मध्ये त्यांचा संपर्क जी. हॅरी स्टाइन यांच्याशी आला. स्टाइन यांनी व्हाइट सँड्स येथील खऱ्या रॉकेटांच्या चाचणीक्षेत्रावर काम केले होते, आणि घरी रॉकेट बनवताना मुलांना होणारे अपघात त्यांना अस्वस्थ करीत. इंजिन कारखान्यात बनावे आणि रॉकेट मुलाने बांधावे, ही कामाची वाटणी तेव्हापासूनची आहे. व्हर्न एस्टेस यांनी पुढे ही इंजिने वेगाने भरणारे यंत्र तयार केले, त्याचे नाव त्यांनी ‘मेबल’ ठेवले होते.

भारतीय वाचकाला दोन टप्प्यांची गोष्ट दुसऱ्या वाटेने जवळची आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून उडालेले पहिले रॉकेट, अमेरिकन बनावटीचे नाइके-अपाची, हेही दोन टप्प्यांचेच होते.

जुने, न उघडलेले मूळ किट विकत घेऊन तेच का बांधू नये?

संग्राहक त्याला मोठी किंमत देतात आणि साठ वर्षांपूर्वीचा बाल्सा ठिसूळ झालेला असतो. असे किट कपाटात शोभते. उडवायला नवे बांधावे.

भारतात हे कायदेशीर आहे का? इंजिने कोठून आणायची?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असून याचे उत्तर सोयीस्कर नाही. रॉकेटचा सांगाडा म्हणजे कागद आणि लाकूड, त्यावर बंधन नाही. इंजिनात मात्र काळी दारू घट्ट दाबून भरलेली असते आणि त्यामुळे ते स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते. १८८४चा स्फोटके कायदा आणि २००८चे स्फोटके नियम यांनुसार स्फोटकांची निर्मिती, आयात, साठवण, विक्री आणि वाहतूक परवान्याखाली होते. दिवाळीच्या फटाक्यांना जी मुभा मिळते ती रॉकेट इंजिनांनाही मिळेल, असे गृहीत धरू नये. परदेशी संकेतस्थळावरून मागवून टपालाने घरपोच मिळवण्याचा विचार तर मुळीच करू नये, कारण स्फोटके टपालाने पाठवता येत नाहीत आणि रेल्वेतून किंवा विमानातून सामानात नेणे हाही गुन्हाच आहे.

नागपूरकरांना एक गोष्ट ठाऊक असते किंवा असायला हवी, ती ही की देशातील पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच गावात सेमिनरी हिल्सवर आहे. नियमांबद्दल शंका असल्यास ऐकीव माहितीवर न जाता तेथे लेखी विचारणा करावी. व्यवहारात मार्ग उरतो तो संस्थेचा. ज्या महाविद्यालयाकडे किंवा संस्थेकडे अशा इंजिनांसाठी आवश्यक परवानग्या आहेत, तिच्या आवारात आणि तिच्या देखरेखीखाली उड्डाण करणे. आम्हीही तसेच करतो, इंजिन आमच्या घरी कधी येत नाही. अलीकडे इन-स्पेस या अंतराळ क्षेत्रातील केंद्र सरकारच्या संस्थेच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट्रीच्या स्पर्धा होऊ लागल्या आहेत, त्यामुळे अभियांत्रिकीच्या मुलांना आता एक अधिकृत दार उघडले आहे.

इंजिनाच्या परवानगीखेरीज जागामालकाची संमती, स्थानिक पोलीस ठाण्याला आणि जिल्हा प्रशासनाला पूर्वसूचना, आणि विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी या बाबीही लेखी असाव्यात. सोनेगावचा विमानतळ वस्तीला चिकटून आहे आणि तेथे प्रवासी विमानांबरोबर वायुदलाचीही वर्दळ असते. ड्रोनच्या नकाशावर एखादी जागा हिरवी दिसते म्हणून ती रॉकेटला मोकळी आहे, असा अर्थ काढू नये, तो नकाशा ड्रोनसाठी आहे.

इंजिन घरी बनवता येईल का?

नाही. या छंदाचा जन्मच तो प्रकार थांबवण्यासाठी झाला. याविषयी आलेल्या पत्रांना आम्ही उत्तर देत नाही.

जुन्या आराखड्यावर ‘बी.८-०’ असे इंजिन लिहिले आहे. आज त्याऐवजी काय वापरावे?

इंजिनाच्या नावात तीन गोष्टी असतात. अक्षर एकूण आवेग, म्हणजे सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ, सांगते: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत, प्रत्येक पायरीवर दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा सांगतो आणि शेवटचा आकडा जळण संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. शेवटी शून्य असेल तर ते खालच्या टप्प्याचे इंजिन, त्यात विलंबही नाही आणि पॅराशूट फेकणारा बारही नाही.

गोंधळ होतो तो मधल्या आकड्याचा. १९६०च्या दशकातील बऱ्याच काळात हा रेटा पौंडांत लिहीत, नंतर तो न्यूटनांत लिहू लागले. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन, म्हणून ‘.८’ म्हणजे आजच्या मापाने साडेतीन न्यूटनांच्या आसपास. आज बनणारे बी६-० त्याहून थोडे जोमदार आहे आणि बहुतेक जुन्या दोन टप्प्यांच्या आराखड्यांना ते चालते. बी१४ हे सुरुवातीलाच जबरदस्त रेटा देणारे इंजिन मात्र आता बनत नाही. ज्या जड रॉकेटच्या आराखड्यात खालच्या टप्प्याला तेच सुचवले आहे, ते रॉकेट बी६वर जसेच्या तसे उडवू नये. आधी वजन कमी करावे किंवा मोठ्या व्यासाच्या इंजिनासाठी खालचा टप्पा नव्याने आखावा. ‘मूळ बरहुकूम’ राहण्याचा आग्रह येथे सोडलेला बरा.

साहित्य नागपुरात मिळते का?

बहुतेक सर्व मिळते, थोडी पायपीट करावी लागते. नळीसाठी तयार पुठ्ठ्याच्या नळ्या शोधण्यात आम्ही पहिले वर्ष घालवले. गांधीबागेत कापडाच्या ताग्यांच्या नळ्या मिळतात, पण त्या जाड आणि जड असतात. शेवटी आम्ही नळ्या स्वतःच गुंडाळू लागलो. योग्य व्यासाची ॲल्युमिनियमची गुळगुळीत नळी घ्यावी, तिच्यावर आधी मेणकागदाचा एक वेढा द्यावा, म्हणजे चिकटणार नाही, आणि त्यावर तपकिरी क्राफ्ट कागदाचे तीन वेढे पातळ केलेल्या फेविकॉलने घट्ट गुंडाळावेत. दुसऱ्या दिवशी नळी सरकवून काढावी. पावसाळ्यात हे काम करू नये. एका श्रावणात गुंडाळलेल्या आमच्या सर्व नळ्या दिवाळीपर्यंत आकसून इतक्या लहान झाल्या की त्यांत इंजिन शिरेना.

बाल्साचे पातळ पत्रे विमानांच्या मॉडेलचे साहित्य विकणाऱ्यांकडून मागवावे लागतात. पंख कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवाव्यात, आडव्या ठेवल्यास पंख पहिल्याच उतरण्यात मोडतो. नाकाच्या शंकूसाठी मात्र आम्हाला बाल्साहून चांगला पर्याय गावातच सापडला. लाटणी आणि पाळण्याचे खांब करणाऱ्या एका खरादी काकांनी काटेसावरीच्या लाकडाचा शंकू कातून दिला. काटेसावर आणि बाल्सा ही झाडे एकाच कुळातली आहेत. सावर बाल्सापेक्षा दुपटीहून जड पडते, पण नाक जड असणे या रॉकेटच्या पथ्यावरच पडते, ते कसे ते स्थैर्याच्या प्रश्नात सांगितले आहे.

पॅराशूट पातळ पॉलिथिनचे किंवा, लहान वरच्या टप्प्यासाठी, क्रेप कागदाच्या फितीचे करावे. इंजिनाच्या गरम बारापासून ते जळू नये म्हणून मध्ये न पेटणाऱ्या कागदाचे बोळे भरतात. टिश्यू कागद टाकणखाराच्या दाट पाण्यात बुडवून वाळवला की काम भागते. कापूस भरू नये. पऱ्हाटीच्या मुलखात तो हाताशी असतो, पण ठिणगी पडताच पेट घेतो.

दुसरा टप्पा पेटतो कसा? त्यात बॅटरी किंवा सर्किट असते का?

नसते, आणि जुन्या घडणीच्या रॉकेटचे सारे सौंदर्य या साधेपणात आहे. खालच्या इंजिनातील दारू मागून पुढे जळत जाते. शेवटी पुढच्या बाजूला दारूची पातळ भिंत उरते, ती आतल्या दाबाने फुटते आणि तापलेला वायू जळत्या कणांसह पुढे उसळतो. पुढे लगेच वरच्या इंजिनाचे तोंड असते. तो झोत तोंडातून आत शिरला की वरचे इंजिन पेटते, आणि त्याच दाबाने खालचा टप्पा मागे ढकलला जातो.

हे व्हायचे तर झोत एका क्षणापुरता कोंडला गेला पाहिजे. म्हणून दोन्ही इंजिने एकमेकांना टेकवून सांध्यावर सेलोफेन चिकटपट्टीचा एकच वेढा देतात. तो दाब क्षणभर धरून ठेवतो आणि वरचे इंजिन पेटताच जळून तुटतो. येथे चुकण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आम्ही दोन्ही करून पाहिल्या. पहिल्यांदा पट्टी लावलीच नाही, कारण दोन टप्प्यांच्या नळ्या एकमेकांत घट्ट बसल्या होत्या आणि तेवढे पुरेल असे वाटले. खालचा टप्पा झोत पोहोचण्याआधीच निसटला आणि वरचा न पेटता नाक खाली करून जमिनीत रुतला. दुसऱ्यांदा धास्तीने इलेक्ट्रिशियनची काळी विनाइल पट्टी तीन वेढे गुंडाळली. वरचे इंजिन पेटले, पण खालचा टप्पा सुटायला इतका उशीर झाला की रॉकेट वाकडे झाले. साधी पारदर्शक पट्टी, एक वेढा, टोके किंचित एकमेकांवर. याहून अधिक काही करू नये.

नळ्यांचा सांधा घट्ट नसावा आणि सैलही नसावा. रॉकेट वरच्या टप्प्याला धरून उभे उचलले तर खालचा टप्पा केवळ पट्टीच्या आधाराने लटकला पाहिजे, आणि सांध्यात हलता कामा नये. सांध्याच्या आतील पृष्ठभाग काचकागदाने घासून त्यावर थोडी टाल्कम पावडर लावली की हा समतोल साधतो. आमच्या मते दोन टप्प्यांच्या रॉकेटवर दहा तास खर्च करायचे असतील तर त्यातले पाच या सांध्यावर करावेत.

बसवण्याचा क्रमही एकदा नव्हे, दोनदा तपासावा. शून्य विलंबाचे इंजिन खाली, लांब विलंबाचे वर. पहिल्या उड्डाणाला आम्ही खाली बी६-० आणि वर ए८-५ वापरतो. उलट बसले तर वरचे इंजिन वेळेवर पेटणार नाही, आणि पॅराशूट खालच्या टप्प्यात शोधूनही उपयोग नाही.

आराखड्यात खालचा टप्पा लांब आहे आणि दोन इंजिनांमध्ये बरेच अंतर राहते. मग झोत पोहोचतो का?

पोहोचतो, पण वाटेतल्या हवेला बाहेर जायला जागा दिली तर. नाहीतर मधली थंड हवा गादीसारखी दबते आणि ज्वाळेच्या आधी तीच टप्पे विलग करून टाकते. म्हणून खालच्या नळीच्या वरच्या भागात, वरच्या इंजिनाच्या तोंडाच्या थोडे खाली, समोरासमोर दोन छिद्रे पाडतात. अशा तऱ्हेने २५ सेंटिमीटरच्या आसपासचे अंतर पार करता येते. काही जुन्या आराखड्यांत ही छिद्रे दाखवलेली असतात आणि स्कॅन अंधुक असल्यास ती छपाईचे डाग वाटतात, म्हणून नीट पाहावे.

रॉकेट सरळ जाईल की नाही हे आधी कसे कळते?

रॉकेटचा गुरुत्वमध्य (जेथे ते तोलले जाते तो बिंदू) दाबकेंद्राच्या (जेथे हवेचा एकूण दाब लागतो तो बिंदू) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असला पाहिजे. वाऱ्याने नाक वळवले तर पंखांवरचा दाब ते परत सरळ करतो. एका टप्प्याच्या रॉकेटमध्ये हे सहज साधते. दोन टप्प्यांत शेपटीकडे दोन-दोन इंजिनांचे वजन येते, गुरुत्वमध्य मागे घसरतो आणि म्हणूनच जुन्या आराखड्यांत खालच्या टप्प्याचे पंख वरच्यापेक्षा मोठे दिसतात. ती शोभा नाही, ती गरज आहे. आणि म्हणूनच सावरीचे जड नाक आपल्याला मदत करते.

तपासणी दोनदा करावी लागते: पूर्ण रॉकेटची, दोन्ही इंजिने भरून, आणि एकट्या वरच्या टप्प्याची, त्याचे इंजिन भरून. एकटा खालचा टप्पा मात्र अस्थिरच असायला हवा, म्हणजे सुटल्यावर तो कोलांट्या खात हळू खाली येतो आणि त्याला पॅराशूट लागत नाही. पंख वाजवीपेक्षा मोठे केले तर तो बाणासारखा सरळ खाली येईल, जे खाली उभ्या असलेल्यांसाठी बरे नाही.

गणितासाठी जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात मांडलेली समीकरणे आजही पुरतात. हाताने करायची नसतील तर ओपनरॉकेट ही विनामूल्य संगणक प्रणाली घ्यावी, जी हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून निर्माण झाली. तिच्यात दोन टप्पे स्वतंत्रपणे आखता येतात. तरीही आम्ही जुनी दोरीची चाचणी सोडलेली नाही. इंजिने भरलेल्या रॉकेटला गुरुत्वमध्यावर दोरी बांधून चिकटपट्टीने पक्की करावी आणि दोन-अडीच मीटर दोरीवर डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर रॉकेट स्थिर आहे. ही चाचणी परवानाधारक संस्थेच्या आवारातच करावी, कारण इंजिने तेथेच असतात. घरी सराव करायचा असेल तर इंजिनाच्याच मापाच्या आणि वजनाच्या लाकडी ठोकळ्या वापराव्यात.

आराखडा मूळचा आहे, मग पुन्हा कशाला तपासायचे, असे अनेक जण विचारतात. तुमची नळी, तुमचा गोंद, तुमच्या रंगाचे थर आणि तुमची इंजिने मूळची नाहीत, म्हणून.

प्रक्षेपणाची सळई किती लांब असावी?

सळई म्हणजे रॉकेटला सुटताना सरळ धरणारी उभी काडी. एका टप्प्याच्या छोट्या रॉकेटला ९० सेंटिमीटर पुरते, पण दोन टप्प्यांना आम्ही १२० वापरतो. हिशेब असा. पहिल्या काही शतांश सेकंदांत इंजिनाचा रेटा अजून चढत असतो, त्याची सरासरी ६ न्यूटन धरू. रॉकेट ७५ ग्रॅमचे असेल तर त्याचे वजन सुमारे पाऊण न्यूटन, म्हणजे प्रवेग ७० मीटर प्रति सेकंद वर्ग. ९० सेंटिमीटरच्या सळईवरून ते सेकंदाला ११ मीटर वेगाने सुटेल, १२० सेंटिमीटरवरून १३ मीटरने. पंखांना रॉकेट सरळ धरता येण्यासाठी इतका वेग लागतोच.

आता सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी १४-१५ किलोमीटरचा वारा आहे असे समजा. सळई सोडताना रॉकेटला वारा समोरून नव्हे तर सुमारे १७ अंश कोनातून लागतो आणि ते वाऱ्याच्या दिशेने नाक वळवते. एक टप्पा असता तर ते थोडे तिरके जाऊन परत आले असते. येथे मात्र त्या तिरक्या स्थितीतच दुसरे इंजिन पेटते आणि उरलेला सगळा जोर आडव्या प्रवासात जातो. म्हणूनच या छंदाच्या अमेरिकन सुरक्षा नियमांत ताशी ३२ किलोमीटरची मर्यादा असली तरी दोन टप्प्यांसाठी आम्ही ताशी १० किलोमीटरच्या वर थांबतो. वाळलेल्या गवताची चिमूट हातातून सोडून पाहिली की अंदाज येतो.

नागपूरच्या परिसरात कोणता काळ आणि कशी जागा चांगली?

नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी धुके निवळल्यावर ते साडेनऊ-दहाच्या आत. सोयाबीन निघून गेलेले आणि हरभरा अजून पेरलेला नसलेले वावर हाती लागले तर उत्तम, कारण जमीन मऊ असते आणि नजर लांबवर पोहोचते. एकूण आवेग सी वर्गाचा असेल तर जागेची लहान बाजू निदान १२० मीटर असावी, असे जुने कोष्टक सांगते. आम्ही दोन टप्प्यांसाठी त्याच्या दुप्पट पाहतो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा दिसायला सुंदर, पण रॉकेटला त्या म्हणजे सापळाच. उमरेडकडे कोळसा खाणींतील सुरुंगांच्या वेळा असतात, त्या भागात चौकशीशिवाय जाऊ नये.

फेब्रुवारीनंतर धुऱ्यावरचे गवत कडक वाळते. मार्च ते पावसाळा आम्ही उडवत नाही. खालचा टप्पा सुटतो तेव्हा त्याचे आवरण चटका बसेल इतके गरम असते आणि एखादा जळता कणही खाली येऊ शकतो. संक्रांतीच्या आसपासचे दिवसही टाळावेत, त्या आठवड्यात नागपूरचे आकाश पतंगांचे असते.

इंजिने उन्हाळ्यात ठेवायची कशी?

हा प्रश्न संस्थेच्या साठवणीचा आहे, पण कारण माहीत असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून पुष्कळ वर. कागदी आवरण आणि दाबलेली दारू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, पुन्हा थंड होताना दारू आवरणापासून सुटते, आणि अशा इंजिनात ज्वाळा कडेने धावून इंजिन फुटते. एकदा तापून निवलेले इंजिन बाहेरून अगदी चांगले दिसते, हीच अडचण आहे.

रंगसंगती मूळचीच ठेवावी का?

ठेवावी. काळे-पांढरे चौकोन आणि भडक नारिंगी हे रंग रॉकेट फिरताना आणि पडल्यावर दिसावे म्हणून निवडले जात. फक्त खालच्या टप्प्यावर रंगाचे थर कमी द्यावेत, तेथील प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्य मागे ओढतो.

उड्डाणाच्या वेळी कोणती शिस्त पाळावी?

पेटवणे फक्त विजेने, आणि किल्ली काढता येईल अशा स्विचने. ती किल्ली सळईजवळ काम करणाऱ्याच्याच खिशात असते, यावर आमच्यात तडजोड होत नाही. लहान इंजिनांना ५ मीटर अंतर पुरते असे नियम सांगतात, पण टप्पे असलेल्या रॉकेटला आम्ही १० मीटर राखतो. सळई उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कधीच कललेली नसावी. आकाशात विमान दिसले किंवा आवाज जरी आला तरी थांबायचे. मोजणी मोठ्याने करावी. लाज वाटते म्हणून पुटपुटणारे बरेच असतात, पण मोजणी प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नसते, सगळ्यांच्या नजरा वर लागाव्यात म्हणून असते.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर?

किल्ली काढावी, पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नये. बहुधा पेटवणारी तार तोंडातून निसटलेली असते. वरचे इंजिन न पेटता रॉकेट परत आले, तर ते इंजिन पुन्हा वापरू नये, ते संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे.

किती उंच गेले हे कसे मोजता?

कोनमापक, दोरा आणि नटबोल्टचा लंबक. सळईपासून १०० मीटरवर उभे राहून रॉकेट सर्वोच्च बिंदूला असताना कोन वाचायचा आणि त्याच्या स्पर्शज्येला १०० ने गुणायचे. ४५ अंश आले तर १०० मीटर, ६० अंश आले तर १७३. दोन निरीक्षक दोन बाजूंना असतील तर तिरके गेलेले रॉकेटही पकडता येते. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती कशाला शिकायची, याचे उत्तर येथे आपोआप मिळते.

तीन टप्पे करावेत का? किंवा एसएलव्ही-३चे मॉडेल?

दोन टप्प्यांची सलग पाच यशस्वी उड्डाणे झाल्याशिवाय तिसऱ्याचा विचार करू नये. प्रत्येक सांधा म्हणजे चुकण्याची एक नवी संधी. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणारे एसएलव्ही-३ हे भारतीय रॉकेट चार टप्प्यांचे होते, आणि त्या काळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक वसंतराव गोवारीकर हे मराठी शास्त्रज्ञ होते, त्यामुळे त्याची मागणी आमच्याकडे नेहमी होते. त्याची प्रतिकृती एका इंजिनावर छान उडेल, पण खऱ्यासारखे चारही टप्पे पेटवण्याचा नाद धरू नये.

संस्थाही नाही आणि परवानगीही नाही. मग काहीच करता येणार नाही का?

बांधणी पूर्ण करता येते, ओपनरॉकेटवर आखणी करता येते, लाकडी ठोकळ्या घालून दोरीची चाचणी घेता येते. वरचा टप्पा सायकलच्या पंपाने भरलेल्या दाबाच्या हवेवर उडवूनही पाहता येतो, त्यासाठी नळीला मागून बसणारा पाइप आणि झटकन उघडणारी झडप पुरते. पंख तिरके चिकटले असतील तर ते तेथेच, वीस मीटरवर, लक्षात येते.

रॉकेट हरवले तर शोधायचे कसे?

पडताना दिसलेल्या दिशेला लांबवरची एखादी खूण, झाड किंवा विजेचा खांब, लगेच मनात पक्की करावी आणि नजर न हलवता सरळ चालत जावे. दोघांनी दोन ठिकाणांहून हे केले तर रेषा जेथे छेदतात तेथे रॉकेट असते. वावरात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि उभ्या पिकातून ओळीनेच चालावे. आमचा सर्वांत चांगला वरचा टप्पा आवाराला लागून असलेल्या तुरीत पडला. तूर पुरुषभर उंच वाढलेली होती, आम्ही तीन सकाळी शोधले आणि नाद सोडला. तुरी सोंगायला आल्या तेव्हा त्या शेतकरी काकांचा फोन आला. पंख तिन्ही शाबूत होते, पॅराशूट मात्र त्यांच्या नातीने काढून घेतले होते आणि ते आम्ही परत मागितले नाही.